मळणीचा बैल आणि पाळकाचा पगार

कापणीच्या सणाला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वेदीसमोर बाजरीची पोती, भोपळे, शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या, ऊस, पाय बांधलेल्या कोंबड्या असं सगळं येऊन पडतं. उपासना संपली की बाहेर मांडवात लिलाव. दोन वर्षांपूर्वी एका आजींनी रुमालात गुंडाळून एकच अंडं आणलं होतं. बोली पन्नासला सुरू झाली, तीनशेला तुटली. घेणाऱ्याने पैसे भरले आणि अंडं परत टेबलावर ठेवलं, "पुन्हा बोला." असं ते पाच वेळा विकलं गेलं. शेवटच्याने ते आजींच्या नातवाच्या हातावर ठेवलं आणि पोरगं दोन्ही हातांनी ते सांभाळत घरी गेलं.

संध्याकाळी कमिटी बसली. पाळकसाहेबांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता, तो सणाच्या रकमेतून द्यावा असा ठराव आला. तेव्हा कॉलेजात शिकणारा एक मुलगा उठून म्हणाला, "आजीनं ते अंडं देवाला दिलंय. त्यातून पगार कसा द्यायचा?" कोणी त्याला गप्प केलं नाही, पण नीट उत्तरही कोणी दिलं नाही. मी तेव्हा खजिनदार होतो, उत्तर माझ्याकडेही नव्हतं. नंतर बायबल उघडून बसलो, जुना इतिहास चाळला. त्या मुलाला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहितो आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपदेश करणारा, बाप्तिस्मा देणारा, लग्न लावणारा, रात्री दोनला दवाखान्यात धावणारा माणूस म्हणजे पाळक. शब्द मेंढपाळावरून आलेला. वसईच्या कॅथलिक घरांत हे काम फादर करतात. फादर लग्न करत नाहीत, पाळक करतात, आणि पैशाच्या बाबतीत हा फरक मोठा ठरतो. पाळकाच्या मागे मुलांची फी असते, म्हाताऱ्या आईचं औषध असतं.

आता वचनांकडे. मत्तयाच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात येशू बारा शिष्यांना गावोगाव पाठवतो. "तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या," असं तो त्यांना सांगतो. पगार नको म्हणणारे सहसा इथेच थांबतात. पण लगेच पुढच्या दोन वचनांत तो म्हणतो की कमरेला सोनं, रुपं, तांबं बांधून घेऊ नका, झोळीही घेऊ नका, कारण कामकरी आपल्या अन्नाला योग्य आहे. एकाच दमात दोन्ही गोष्टी. आजाऱ्याला बरं करायचं, त्याच्याकडून दाम घ्यायचा नाही. पण ज्या घरात उतराल तिथे ताट वाढलेलं असेल ते निःसंकोच खायचं. देवाची कृपा विकायची नाही आणि ती सांगत फिरणाऱ्याला उपाशी ठेवायचं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र कालवल्या की गोंधळ होतो.

विकण्याबद्दल पहिल्या मंडळीची भूमिका किती कडक होती ते शिमोन जादूगाराच्या गोष्टीत दिसतं. त्याने प्रेषितांपुढे, म्हणजे येशूच्या शिष्यांपुढे, पैसे ठेवले आणि पवित्र आत्मा देण्याचं सामर्थ्य मागितलं. त्यांच्यातल्या पेत्राने त्याला तुझ्या रुप्यासकट तुझा नाश होवो असं सुनावलं. पुढे युरोपात चर्चमधली पदं विकण्याच्या गुन्ह्याला या शिमोनाचंच नाव पडलं.

याच्याही शेकडो वर्षं आधी इस्राएलात लेवी वंशाची व्यवस्था होती. बाकीच्या वंशांना जमिनी मिळाल्या, लेवींना वतन मिळालं नाही, कारण त्यांच्याकडे मंदिराची सेवा होती. त्याबदल्यात लोकांनी पिकाचा आणि जनावरांचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, त्यांना द्यायचा. इथे एक बारीक कलम आहे, ते सहसा कोणी वाचून दाखवत नाही. लेवींनी मिळालेल्या दशमांशातूनही दशमांश काढायचा. घेणाऱ्यालाही देणं चुकलेलं नाही. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायचा, त्यावर लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा या चौघांनी पोटभर जेवायचं. पाळकाचा वाटा आणि गरिबाचा वाटा एकाच कणगीत होता.

हे मोडलं की काय होतं तेही बायबलात लिहून ठेवलेलं आहे. यहूदी सुभेदार नहेम्या यरुशलेमेत परत आला तेव्हा त्याला कळलं की लेवींचा वाटा बंद झाला आहे आणि ते सेवा सोडून आपापल्या शेतावर पोट भरायला पळाले आहेत. त्याने लेवींना बोलावून आणलं, कोठारं पुन्हा भरायला लावली आणि वाटपासाठी विश्वासू म्हणून ओळखली जाणारी माणसं नेमली. त्यानेही प्रश्न प्रार्थनेवर सोडला नाही, कमिटी नेमली, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

मात्र या विषयाचं खरं मर्म शहरोशहरी मंडळ्या उभारणाऱ्या प्रेषित पौलाकडे आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो वकिलासारखा युक्तिवाद करतो. पदरचं खाऊन शिपाईगिरी कोण करतो? द्राक्षमळा लावून त्याचं फळ कोण खात नाही? कळप राखून दूध कोण पीत नाही? मग तो मोशेच्या नियमशास्त्रातलं वचन काढतो: मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको. ज्याने खळं पाहिलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मेढीभोवती बैल दिवसभर गोल फिरतो, कणसं त्याच्या खुरांखाली असतात, वास नाकात असतो. चालता चालता तो तोंड खाली घालून एक घास घेतो, पुन्हा चालतो. त्या घासाने मालकाचं काही जात नाही. मुसकं बांधलं तर दोन पोती वाढत नाहीत, बैलाचा तळतळाट तेवढा वाढतो. पौल म्हणतो, जे सुवार्ता सांगतात त्यांनी सुवार्तेवर उपजीविका करावी, असं प्रभूनेच ठरवलं आहे.

आणि एवढा दावा जिंकून झाल्यावर पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, पण मी यातला एकही हक्क वापरलेला नाही.

पौल तंबू शिवायचा. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोच्या घरी राहिला, कारण त्यांचा धंदा तोच होता. इफिसच्या वडील मंडळींचा निरोप घेताना तो म्हणाला की माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा याच हातांनी भागवल्या. मग हक्क का सोडला? त्या काळी करिंथसारख्या शहरांत वक्ते आणि तत्त्ववेत्ते श्रीमंतांच्या आश्रयाने राहत. ज्याचं खायचं त्याच्या बाजूने बोलायचं, हे ठरलेलंच. पौलाला तिथल्या धनवंतांचं मिंधं व्हायचं नव्हतं. पण त्याच पौलाने फिलिप्पैच्या मंडळीकडून मदत घेतली, एकदा नाही, अनेकदा, आणि त्यांचे मनापासून आभार मानले. म्हणजे पैसा घेणं त्याला पाप वाटत नव्हतं. कोणाकडून घेतल्यावर जीभ बांधली जाते, हे तो पाहत होता.

मला यातून जो नियम दिसतो तो असा. पगार हा पाळकाचा हक्क आहे. तो सोडायचा असेल तर सोडणारा पाळकच असला पाहिजे. मंडळीने त्याच्या वतीने तो सोडायचा नाही. "पौलाने कुठे पगार घेतला?" असं कमिटीतला माणूस पाळकाला विचारतो तेव्हा पौलाने स्वतःबद्दल घेतलेला निर्णय तो दुसऱ्यावर लादत असतो. आणि विचारणाऱ्याचा स्वतःचा पगार बहुधा एक तारखेला जमा होत असतो.

पहिल्या पिढ्यांना लबाडांचाही अनुभव आला होता. 'दिदाखे' नावाचं एक छोटं पुस्तक पहिल्या शतकाच्या शेवटाचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं मानलं जातं. त्यात फिरत्या उपदेशकांना ओळखायची कसोटी दिली आहे. पाहुणा एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घेईल, पैसे मागितले तर तो खोटा. पण खरा संदेष्टा तुमच्यात वस्ती करणार असेल तर तो आपल्या अन्नाला योग्य आहे, त्याला खळ्यातलं आणि द्राक्षकुंडातलं पहिलं फळ द्या. पुन्हा खळंच.

आपल्याकडे खळं म्हटलं की बलुतं आठवतं. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेली बहुतेक घरं महार आणि मांग समाजातली. गावकीची कामं वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा मागायला उभं राहायचं, हे त्यांच्या वाडवडलांनी भोगलं होतं. बलुतं कागदोपत्री हक्क होता, पण हातात पडताना उपकार होऊन पडायचा. म्हणून पाळकाला "लोक देतील ते घ्या" असं म्हणणं मला साधं वाटत नाही. ठरलेला आकडा, ठरलेली तारीख आणि बँकेत जमा होणारी रक्कम यांत माणसाची मान ताठ राहते.

मग श्रीमंतीचं काय? पाळकाच्या पगाराबद्दलचं आपलं मत बहुतेक वेळा पैशाबद्दलच्या मतातून येतं, म्हणून हे पाहायलाच हवं. उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, पण धनवानाने देवाच्या राज्यात जाणं कठीण, हे येशूचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं. ज्याच्यावरून हे वाक्य निघालं त्या धनवान माणसाला त्याने सगळं विकून गरिबांना द्यायला सांगितलं. पण जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला, तेव्हा येशूने उरलेली अर्धी मागितली नाही. योहान्ना, सुसान्ना आणि मग्दालीया मरीया यांच्यासारख्या बायका आपल्या पैशातून येशू आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या, असं शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो. लोक म्हणतात की बायबल पैशाला सगळ्या पापांचं मूळ म्हणतं. तिथे शब्द आहेत 'द्रव्याचा लोभ'. लोभ एक रुपयाचाही असतो. आणि मजुरी हा विषय याकोबाच्या पत्राने कायमचा निकालात काढला आहे: शेत कापणाऱ्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे. शेतमजुराची मजुरी ओरडते, तर पाळकाची गप्प राहील का?

पुढच्या इतिहासात उत्तरं अनेक निघाली. कोणी संत फ्रान्सिस आसिसीकरासारखं सगळं सोडून दिलं. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन वेस्ली या उपदेशकाने उलट सांगितलं की प्रामाणिकपणे जमेल तेवढं कमवा, वाचवा आणि देऊन टाका. वर्षाला ३० पौंड मिळत होते तेव्हा तो २८ वर राहिला. मिळकत ६०, ९०, १२० झाली तरी खर्च २८ च. बाकी वाटून टाकलं. युरोपात राजांनी दशमांश कायद्याने वसूल करायला लावला आणि प्रेमाने द्यायची गोष्ट कर होऊन बसली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तो भरायला नकार दिला, तुरुंगवास सोसला आणि पगारी पाळकच ठेवले नाहीत. जर्मनीत आजही चर्चचे नोंदलेले सभासद आयकराच्या ८ किंवा ९ टक्के रक्कम चर्च-कर म्हणून भरतात.

आपल्या भागात पैसा सुरुवातीला बाहेरून आला. गोव्यात आणि वसईत पोर्तुगालच्या राजाने धर्मगुरूंना पोसलं. इंग्रजी अमलात छावणीतल्या चॅप्लेनांचा, म्हणजे फौजेच्या पाळकांचा, पगार सरकारी तिजोरीतून निघे. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये पाळक, शिक्षक आणि घरोघर बायबल शिकवणाऱ्या बायबल बाया यांचा पगार समुद्रापलीकडच्या वर्गणीतून येई. ही वर्गणी देणारे साधे लोक होते, त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण परिणाम असा झाला की पाळक गावाचा आणि त्याचा मालक अमेरिकेत बोस्टनला. लोकांना वाटू लागलं की साहेबाचं मिशन आहे, साहेब बघेल. १८५४-५५ मध्ये या मिशनच्या मुख्य संस्थेचे सचिव रूफस अँडरसन स्वतः इथे येऊन गेले. मंडळीने स्वतःच्या पायावर उभं राहावं, स्वतःचा कारभार करावा आणि स्वतः प्रसार करावा, हा त्यांचा आग्रह. गावात गावचाच पाळक असावा आणि त्याला गावाने पोसावं. हे अजूनही पुरतं झालेलं नाही.

पगार स्वतःहून सोडणाऱ्यांची परंपराही आपल्याजवळ आहे. १८३० मध्ये इंग्लंडात जॉर्ज म्युलर या तरुण पाळकाने ठरलेला पगार नाकारला. तो पगार चर्चमधल्या बाकांच्या भाड्यातून येत असे. श्रीमंताने जास्त भाडं भरून चांगली जागा घ्यायची आणि गरिबाने मागे बसायचं, हे त्याला पटेना. त्याने चर्चमध्ये एक पेटी ठेवली, ज्याला द्यायचं त्याने गुपचूप द्यावं. पुढे ब्रिस्टलला त्याने हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि कोणाकडे हात पसरला नाही. त्याचं चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचलं. देवावर असा भरवसा भारतात ठेवता येणार नाही का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांना अमेरिकेतून दहा वर्षांच्या मदतीचं वचन होतं, ते १८९८ मध्ये संपलं. पण तोवर दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्ती सदनात येऊन राहिल्या होत्या. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, बरीच वर्षं मिशनमध्ये राहिले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला गेले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. ख्रिस्ताची गोष्ट मराठी माणसाला संताच्या वाणीतून ऐकवायची, तर पगारदार असून चालणार नाही, असं त्यांना वाटलं. ही माणसं मला वंदनीय आहेत. पण त्यांच्याही बाबतीत सोडणारे तेच होते, दुसऱ्या कोणी त्यांच्याकडून सोडवून घेतलं नाही.

कॅथलिकांमध्ये हे दोन मार्ग आधीच वेगळे केलेले आहेत. धर्मप्रांताच्या फादरांना ठरावीक मानधन मिळतं आणि ते स्वतःच्या नावावर काही ठेवू शकतात. येशूसंघी किंवा फ्रान्सिस्कन फादर आणि सिस्टर दारिद्र्याचं व्रत घेतात, त्यांची कमाई संघाची होते. यातून एक खटला उभा राहिला. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार संघाकडे जातो, मग तिच्या नावाने आयकर का कापायचा? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पगार तिला मिळतो, तेव्हा कर कापला जाईल. व्रत हा तिचा आणि देवाचा करार, सरकारच्या वहीत ती शिक्षिका.

एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आजकाल काही सभांत सांगतात की बी पेरा, म्हणजे पैसे द्या, देव शंभरपट देईल. विसाव्या शतकात अमेरिकेत प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी ही भाषा लोकप्रिय केली आणि ती आपल्या तालुक्यांपर्यंत आली. आधाराला मलाखी या संदेष्ट्याचं वचन असतं: दशमांश आणा, मी आकाशाची दारं उघडतो की नाही पाहा. त्याच वचनात दशमांश कशासाठी तेही लिहिलं आहे, माझ्या मंदिरात अन्न असावं म्हणून. ते अन्न लेवींचं आणि विधवांचं. कर्जात बुडालेल्या बाईकडून गळ्यातलं काढून घेऊन तिला लॉटरीचं आश्वासन देण्यासाठी ते वचन नाही. ज्या शेतकऱ्याने तीन वेळा दुबार पेरणी केली आहे त्याला पेरलं की उगवतंच असं सांगणं क्रूरपणाचं आहे.

यावर उपाय पगार बंद करणं नाही, हिशेब उघडा करणं आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कोणी बोट ठेवू नये म्हणून. आपल्याकडे चर्चचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, वर्षाला ऑडिट होतं. तो ताळेबंद दाराशी लावायला अर्धा तास लागतो. देण्याच्या पद्धतीही साध्या असू शकतात. मिझोरामच्या बाया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाला एक मूठ तांदूळ बाजूला काढतात आणि चर्चला देतात. बुहफाई थाम नावाची ही मूठ तिथल्या मंडळ्यांचा मोठा आधार आहे.

किती द्यावं, याला बायबलात आकडा नाही. माझं मत असं की मंडळीतल्या मधल्या घराचं राहणीमान जे, तेच पाळकाचं असावं. आणि एक गोष्ट सगळेच विसरतात. पाळक आयुष्यभर मिशन कंपाऊंडातल्या घरात राहतो, दर काही वर्षांनी बदली होते, आणि साठीला निवृत्त होतो त्या दिवशी किल्ली परत द्यावी लागते. स्वतःची एक खोली नसते. लेवींना वतन नव्हतं, पण राहायला ४८ गावं आणि गुरांना कुरणं नेमून दिलेली होती.

त्या संध्याकाळी शेवटी ठराव झाला. रक्कम मोजायला मी त्या कॉलेजच्या मुलालाच बसवलं. व्हाउचर त्याने लिहिलं, रेव्हेन्यू स्टँप त्याने चिकटवला. पाळकसाहेबांनी सही केली, नोटा मोजल्या, खिशातून अर्पणाचं पाकीट काढलं, दहावा हिस्सा त्यात घातला आणि माझ्यापुढे ठेवला. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग पावतीपुस्तक पुन्हा उघडून त्यांच्या नावाची पावती फाडली.